घसारा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला जगातल्या प्रत्येक वस्तूची खरी किंमत कळते, असा एक समज आमच्या नात्यागोत्यात पूर्वापार चालत आला आहे. गेल्या २४ वर्षांत तो मला मोडून काढता आलेला नाही. कुणाची जुनी मोटार विकायची असो, कुणाच्या आजीच्या पाटल्या मोडायच्या असोत, की सांगून आलेल्या मुलाचा पगार खरा की सांगण्यापुरता हे ठरवायचं असो, मला बोलावणं येतं. मी जातो. चष्मा पुसतो. त्या वस्तूकडे (किंवा मुलाकडे) दोन मिनिटं गंभीरपणे पाहतो आणि म्हणतो, “घसारा धरायला हवा.” एवढ्यावर चहा मिळतो, कधी पोहेही मिळतात. वाणिज्य शाखेच्या पदवीचा मला आजवर झालेला ठळक फायदा हा एवढाच.

तेव्हा २०२५ च्या जुलैअखेर मामांचा फोन आला, त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

“इंजिन बंद पडलां हा,” मामा म्हणाले. “तू बँकेत आसस, तुका हिशोब कळता. दुरुस्त करूचां की नवीन घेवचां, ता येऊन सांग.”

आता हे इंजिन म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझे मामा मालवणकडे कर्लीच्या खाडीकाठी राहतात. ही कर्ली देवबागला जाऊन समुद्राला मिळते. मामांची एक लहानशी होडी आहे आणि होडीच्या मागच्या फळीला आवळून बसवायचं एक आठ अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. वर डोकं, मध्ये लांब मान आणि खाली पाण्यात पंखा, असा त्याचा अवतार. वजन २७ किलो. म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा किंचित कमी. मामांनी ते २००३ साली ६५ हजार रुपयांना घेतलं. रोज पहाटे ते खांद्यावरून धक्क्यापर्यंत न्यायचं, होडीला लावायचं, दोरी ओढून सुरू करायचं, गरी टाकून दोन-चार काळुंदरं नाहीतर एखादी तांबोशी आणायची आणि नऊच्या आत घरी येऊन चहा प्यायचा, हा मामांचा २२ वर्षांचा नेम. मामांचं वय ७६. शाळामास्तर म्हणून ते निवृत्त झाले. पण त्यांचा खरा हजेरीपट खाडीवर.

मामांचा फोन ठेवतो न ठेवतो तोच बोरिवलीहून थोरल्या मामेभावाचा आला.

“बाबांनी तुला बोलावलंय ना? हे बघ, तू फक्त एवढंच म्हण, की इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय. बस.”

अर्ध्या तासाने पुण्याहून धाकट्याचा.

“दादाने सांगितलं ना तुला? आणि मेस्त्रीला काय द्यायचं ते दे, मी लगेच पाठवतो. पण त्याला म्हणावं, हात लावू नको.”

दोघांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आदल्या हिवाळ्यात इंजिन नेमकं ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी बंद पडलं होतं. ओहोटीचं पाणी होडी समुद्राकडे ओढतंय, वल्हं मारून मारून हात गेलेले, अशा अवस्थेत मामा तीन तास होते. शेवटी पर्यटकांच्या एका बोटीने त्यांना ओढून काठाला लावलं. घरी येऊन मामा म्हणाले, “आज पर्यटन करून इलंय.” त्यावर मामी हसली नाही. मुलं तर मुळीच हसली नाहीत.

म्हणजे माझ्यावरची कामगिरी स्पष्ट होती. मूल्यमापन करायला म्हणून जायचं आणि मृत्यूचा दाखला देऊन यायचं. बँकेत याला ‘राइट ऑफ’ म्हणतात आणि ते करताना कुणी रडत नाही.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या शनिवारला दोन दिवस रजेची शेपटी लावली आणि दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडली. नारळी पौर्णिमा त्याच आठवड्यात येत होती. जून आणि जुलै हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. वल्ह्याच्या होडीला नसते. म्हणजे मामांचं इंजिन पडवीत झोपलं, की त्यांची होडी कायद्याने आपोआप पारंपरिक होते. बंदी उठली, नारळ समुद्राला गेला, की खांद्यावर पुन्हा इंजिन. यंदा मात्र ते उठायला तयार नव्हतं.

गाडीत झोप येईना म्हणून मोबाईलवर आउटबोर्ड इंजिनाची कुळकथा वाचत पडलो. हे यंत्र चांगलं चालणारं करून १९०९ साली बाजारात आणलं ते अमेरिकेतल्या ओल इव्हिनरूड नावाच्या नॉर्वेजियन कारागिराने. कथा अशी सांगतात, की एकदा तळ्याकाठच्या सहलीत त्याच्या भावी पत्नीने आइस्क्रीम मागितलं. ते आणायला हा बहाद्दर तळं वल्हवून पलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं सरबत झालं. त्या रागातून हे यंत्र जन्माला आलं म्हणे. वाचकहो, हेच जर आमच्या सौ.ने मागितलं असतं आणि मी सरबत आणलं असतं, तर यंत्र नव्हे, भांडण जन्माला आलं असतं आणि तेही टू-स्ट्रोक. पण गंमत पाहा. त्या इव्हिनरूडच्या नावाची इंजिनं २०२० साली बनायची थांबली. शंभरावर वर्षं चाललेलं नावदेखील एक दिवस फळीवरून उतरतं, तिथे मामांच्या इंजिनाची काय कथा! मला माझ्या कामगिरीबद्दल जरा धीर आला.

मग सवयीने हिशेब मांडला. घसाऱ्याच्या पद्धती दोन. पहिली सरळ रेषेची. दरवर्षी सारखी रक्कम कापत जायची. इंजिनाचं आयुष्य दहा वर्षं धरलं तर ते २०१३ सालीच शून्य झालेलं. म्हणजे गेली बारा वर्षं मामा एका अस्तित्वात नसलेल्या वस्तूवर बसून मासे आणत होते. दुसरी पद्धत घटत्या शिल्लकीची. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के कापायचे. या पद्धतीने २२ वर्षांनी ६५ हजारांचे उरतात १,८२० रुपये. गाडी चिपळूण सोडून पुढे गेली तेव्हा मी मनाशी निकाल देऊन टाकला होता. १,८२० रुपयांच्या वस्तूवर मेहनत करणं अर्थशास्त्राला धरून नाही. बस.

कुडाळला उतरून एस.टी.ने घरी पोचलो तेव्हा पडवीत मामा आणि मेस्त्री समोरासमोर बसले होते आणि मध्ये मामीच्या जुन्या पातळात गुंडाळलेलं इंजिन आडवं पडलं होतं. एकूण देखावा पाहून मी चपला जरा लांबच काढल्या.

मामी चहाचं निमित्त करून मागच्या दारी घेऊन गेली. “ता एकदाचां भंगारात जाऊं दे रे बाबा,” ती कुजबुजली. “मी देवीक नारळ देतंय.”

म्हणजे मतं झाली तीन. तिन्ही एका बाजूला.

आता मेस्त्री. गावातला मिक्सर, विहिरीवरचा पंप, स्कूटर आणि आउटबोर्ड या चार जातींवर या एका माणसाची हुकमत आहे. तो बोलत फार नाही. बोलतो ते बहुधा इंजिनाशी. त्याने पातळ सोडलं, वरचं झाकण उचललं, स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकावर अंगठा दाबून मला म्हणाला, “दोरी वडा.”

मी ओढली. इंजिनाने आतून त्याचा अंगठा उडवला. मेस्त्रीच्या चेहऱ्यावर डॉक्टरला नाडी सापडल्यावर येतं तसं समाधान आलं.

“दम आसा,” तो म्हणाला.

मग त्याने खालचा बोल्ट सोडून गियरचं तेल बोटावर घेतलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधासारखं पांढरं झालं असतं. ते स्वच्छ होतं. माझ्या पोटात गोळा आला. पेशंट बरा निघतोय की काय!

पुढचे दोन तास मेस्त्रीने एकेक रोग काढून फडक्यावर मांडला. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट डिंक बसला होता. पेट्रोलची रबरी नळी मऊ पडली होती. “हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल आसता,” तो म्हणाला. खरंच आहे. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्यातून पावसाळाभर टाकी अर्धी भरलेली ठेवलेली. शेवटी खालच्या पंपातून त्याने एक रबरी चक्र काढलं. त्याला इम्पेलर म्हणतात. ते खाडीचं पाणी वर फेकतं आणि इंजिन थंड ठेवतं. त्याच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच बसल्या होत्या, ३० वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या हेडक्लार्कसारख्या.

“ह्येच्यामुळां मुतणा बंद,” मेस्त्री म्हणाला.

दचकू नका. हे इंजिन चालू असलं, की मागच्या बारीक भोकातून पाण्याची एक धार सतत बाहेर पडते. धार पडतेय म्हणजे पाणी फिरतंय, इंजिन थंड आहे. धार बंद झाली, की इंजिन बंद करायचं. नाहीतर ते तापून जागीच धरतं. मामांच्या डॉक्टरचाही गेली चार वर्षं मामांना पहिला प्रश्न तोच असतो. त्यामुळे मामांनी तो शब्द ऐकून घेतला आणि खाडीकडे पाहिलं.

“एकंदर खर्च?” मी बँकेच्या आवाजात विचारलं.

“३,८५०. मजुरी धरून.”

“आणि नवीन?”

नवीन चार-स्ट्रोकचा भाव मी आधीच काढून आणला होता. दोन लाखांच्या वर. शिवाय ते दहा-बारा किलोंनी जड. म्हणजे धक्क्यापर्यंत न्यायला मामांना इंजिनापेक्षा बैलगाडीची जास्त गरज लागली असती.

संध्याकाळी मेस्त्रीला मी माडाखाली गाठलं. आयुष्यात कधी कुणाला लाच दिली नव्हती. त्यामुळे सुरुवात कशी करतात तेच ठाऊक नव्हतं. मी आधी पावसाबद्दल बोललो, मग बांगड्याच्या भावाबद्दल, मग म्हणालो, “मेस्त्री, समजा तुम्ही सांगितलंत, की हे दुरुस्त होत नाही, तर...”

मेस्त्रीने विडी पेटवली. “खोटां सांगूक माझी काय हरकत नाय,” तो म्हणाला. “पण इंजिन माझां ऐकाचां नाय. ता सुरू होतलां.”

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात निळं पिंप ठेवून विहिरीच्या गोड्या पाण्याने भरलं आणि एक फळी आवळून इंजिन त्यात उभं केलं. मामांनी पेट्रोलात तेल मिसळलं. लिटरला २० मिली. मास्तर असल्यामुळे मापात चूक नाही. मेस्त्रीने चोक ओढला, पाय पिंपाला लावला आणि दोरीला एकच हिसका दिला.

वाचकहो, त्या आवाजाने कोंबड्या शेजारच्या वाडीत गेल्या, त्या तिन्हीसांजेला परतल्या. अंगणभर निळा धूर झाला. धुरातून मामी पदर तोंडाला लावून बाहेर आली आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त कर्ज नामंजूर झालेल्या ग्राहकाची पाहिली आहे. आणि मागून, पिंपाच्या कडेवर, पाण्याची बारीक, स्वच्छ, न थांबणारी धार पडत होती. १,८२० रुपये किमतीची वस्तू ठणठणीत होती!

मेस्त्रीने इंजिन बंद केलं. “आता तुमी,” तो मला म्हणाला. मी आठ वेळा ओढली. चौथ्या वेळी माझा चष्मा पिंपात पडला, सहाव्या वेळी मी पडलो आणि आठव्या वेळी इंजिन माझी दया येऊन सुरू झालं.

“मामा, आता तुम्ही.”

मामा उठले. धोतराचा सोगा खोचला. दोरीची मूठ धरली, ओढली. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा ओढली. दोरी अर्ध्यावरच थांबली. तिसऱ्या वेळी मामांचा हात कोपरापर्यंत वर आला आणि तिथून खाली गेला.

“अजून खोट आसा काय तरी,” मामा म्हणाले.

मेस्त्री कार्ब्युरेटरकडे वाकून पाहू लागला. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो बराच वेळ पाहत राहिला. आयुष्यात मी खूप हुशार माणसं पाहिली, पण इतका सभ्य माणूस क्वचितच. मामी आत निघून गेली.

मेस्त्री हत्यारं गोळा करून गेल्यावर मामा पिंपाच्या कडेवर टेकले. “भाच्या,” ते हळू आवाजात म्हणाले, “माका मे म्हयन्यातच कळलां. इंजिन नाय रे, खांदो गेलो.”

मला काय बोलावं सुचेना.

“इंजिन बंद पडलां म्हणून सांगणा सोपां. खांदो बंद पडलो म्हणून कोणाक सांगतलंय? झिलांक सांगलंय तर बोरिवलीक नेऊन बाल्कनीत बसवतीत.” ते जरा थांबले. “म्हणून तुका बोलावलंय. म्हटलां, तू हिशोबी. तू म्हणशीत, संपला. मगे माझो काय दोष नाय.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलांना इंजिन मेलेलं हवं होतं, मामीला हवं होतं आणि स्वतः मामांनाही हवं होतं. प्रत्येकाची कारणं वेगळी, अर्ज एकच. सगळ्या घरात ठणठणीत जिवंत राहण्याचा हट्ट एकट्या त्या इंजिनाने धरला होता. आणि मी, त्याचा मूल्यमापक, गाडीतच निकाल लिहून आलो होतो!

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आठवली. घटत्या शिल्लकीच्या गणितात मी शेवटच्या वर्षी यंत्राची किंमत शून्य लिहून मोकळा झालो होतो. सरांनी दोन गुण कापून समासात लाल शाईने लिहिलं होतं : या पद्धतीत शिल्लक कधीही शून्य होत नाही. दरवर्षी कमी होते, पण काहीतरी उरतंच. ते दोन गुण मला इतक्या वर्षांनी कर्लीच्या खाडीकाठी परत मिळाले. हिशेब खांद्याचाही तोच होता. किती गेलं ते सगळ्यांनी मोजलं होतं; किती उरलंय ते कुणी मोजलंच नव्हतं. मामांना दोरी ओढता येत नव्हती, हे खरं. पण सुकाणू धरता येत होतं, ओहोटी कळत होती, कुठल्या खडकापाशी तांबोशी येते ते ठाऊक होतं. तेवढी शिल्लक आमच्या अख्ख्या शाखेत मिळून नाही.

सकाळी मी कागद-पेन घेऊन बसलो आणि बँकेत करतात तसं रीतसर मंजुरीपत्र तयार केलं. अटी व शर्ती येणेप्रमाणे. एक : अर्जदाराने एकट्याने खाडीत जाऊ नये, सोबत जामीनदार असावा. दोन : दोघांनीही लाइफ जॅकेट घालावं, घरी खुंटीला टांगू नये. तीन : खाडीच्या तोंडापलीकडे जाऊ नये. चार : ओहोटी लागण्याआधी परत यावं. पाच : मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पण चालू असावा. जामीनदार म्हणून शेजारचा १९ वर्षांचा पोरगा नेमला. आय.टी.आय. करून तो नोकरीची वाट पाहत ओट्यावर बसलेला असतो आणि त्याचे दोन्ही खांदे शिल्लक आहेत. मोबदला : मासळीचा अर्धा वाटा.

मामांनी कागद दोनदा वाचला. एक शुद्धलेखनाची चूक काढली. ती दुरुस्त करवून घेतली आणि मग सही केली.

“वडणारो तो,” मामा म्हणाले, “नेणारो मी.”

मुलांना फोन करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. थोरल्याला म्हटलं, “इंजिन दुरुस्त झालं.” पलीकडे जी शांतता पसरली तिचे पैसे मीच भरत होतो. मग म्हटलं, “पण मामा यापुढे एकटे जाणार नाहीत. लेखी घेतलंय.” आणखी शांतता. शेवटी तो म्हणाला, “लेखी? बाबांनी सही केली?” मी म्हटलं, “केली. माझा एक ऱ्हस्व चुकला होता, तोही सुधारला.” तो हसला. मला वाटतं, त्या वर्षात या विषयावर तो पहिल्यांदाच हसला असावा.

रविवारी पहाटे आम्ही तिघे निघालो. नारळ समुद्राला जाऊन झाला होता, भरती होती. पोराने एका हिसक्यात इंजिन सुरू केलं आणि लगेच पुढे जाऊन बसला. मामांनी मागे वळून आधी धार पडतेय ना ते पाहिलं, मग हातात सुकाणू घेतलं आणि पोराला सांगायला लागले, पाणी कुठे उथळ, कुठे खोल. पोरगा ऐकत होता. मामांच्या आवाजात ३० वर्षांपूर्वीचा चौथीचा वर्ग भरला होता. मी मध्ये लाइफ जॅकेट घालून, दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो. मासे मिळाले तीन. वाटणी करताना तिसऱ्यावरून वाद झाला. तो मूल्यमापकाची फी म्हणून मी खाल्ला. मामीने कालवण वाढताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण तुकडी मोठी वाढली. देवीचा नारळही तिने दिला. कशासाठी दिला ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी बँकेत आलो तो उजवा हात खांद्यातून उचलेना. त्या आठ हिसक्यांनी माझी पुस्तकी किंमत एका दिवसात बरीच खाली आणली होती. शिक्का मारायला डाव्या हाताने उजवा हात उचलून ठेवत होतो. साहेब काउंटरमागे येऊन बराच वेळ पाहत उभे राहिले.

“काय हो,” ते म्हणाले, “दुरुस्त होणार, की बदली मागवू?”